गांडूळखत, आमटीतला गूळ आणि तुमचा कमेंट बॉक्स

मागच्या अंकात मी सहज म्हणून गेले की कमेंट्सनी कोणाचं डोकं फिरलं असेल तर लिहून पाठवा, आणि बघते तर काय, निम्म्या महाराष्ट्राचं डोकं फिरलेलंच आहे. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, सहा प्रश्न निवडलेत. मी २००८ पासून स्वतःचा ब्लॉग लिहिते, शिवाय मधली काही वर्षं एका मराठी संकेतस्थळावर संपादक मंडळात होते, म्हणजे फुकट, रात्री जागून, आणि वर दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन. अनुभव तेवढाच. वकील नाही आणि कंप्युटरवालीही नाही हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, माझा रेसिपींचा ब्लॉग आहे. रोजच्या आमटीवर पोस्ट टाकली, त्यात गूळ घाला म्हटलं एवढाच माझा गुन्हा. सकाळी उठून बघते तर ६४ कमेंट्स, आणि शेवटच्या तीसेक कमेंट्समध्ये आमटी कुठेच नाही, नुसती जात, जिल्हा आणि एकमेकांच्या आया. मी घाबरून पोस्टच काढून टाकली. बरोबर केलं ना? (एक सुगरण, सांगली)

नाही हो, कमेंट बॉक्स म्हणजे घराबाहेरचा गप्पांचा ओटा, भांडण ओट्यावरच्यांचं आणि तुम्ही घरच पाडलंत. आधी पोस्ट परत आणा. तुमचा ब्लॉग वर्डप्रेसवर असेल तर काढलेली पोस्ट तीस दिवस कचरापेटीत पडून असते, तिथून कमेंट्ससकट परत येते. मग चहा घेऊन बसा आणि पहिल्या कमेंटपासून वाचत खाली या. पैज लावते, पहिल्या दहा-बारा मस्त असतील. कोणी म्हणेल आमच्याकडे नुसता गूळ नाही चिंचगूळ, कोणी म्हणेल गोडा मसाला नसेल तर ती आमटीच नाही, कोणी विदर्भातली बाई विचारेल की वरणात गोड घालतात हा काय प्रकार. इथपर्यंत हे भांडण नाहीच आहे, ही चव आहे, आणि ह्यासाठीच तर आपण ब्लॉग लिहितो.

मग एक कमेंट येते त्यात दोन शब्द असतात. "तुम्ही लोक". तुम्ही लोक सगळ्यात साखरच घालता. बस्स, झालं. इतकी वर्षं मी बघतेय, मराठीत भांडण शिवीने सुरू होतच नाही, ते "तुम्ही लोक"ने सुरू होतं, शिवी मागून येते आणि तोवर उशीर झालेला असतो.

तर ती कमेंट शोधा. ती उडवायची का? मी तरी नाही उडवणार, कारण ती नुसती खवचट आहे, आणि खवचटपणा उडवायला लागलो तर मराठी इंटरनेटवर उरेल काय. पण तिच्याखाली लगेच तुमची स्वतःची कमेंट हवी होती, की गोड कोणाला किती लागतं ते ज्याच्या त्याच्या जिभेवर, बरं त्या विदर्भातल्या ताई तुमच्या वरणाची कृती टाका की इथे. एवढंच. यजमानीण दारात येऊन उभी राहिली तरी ओट्यावरचे आवाज खाली येतात, काही बोलावं पण लागत नाही. तुम्ही झोपला होतात, आणि झोपायलाच पाहिजे, पण मग रात्रभर दार सताड उघडं ठेवून झोपू नका. सेटिंगमध्ये चर्चेच्या भागात अशी सोय असते की ज्याची आधी एकतरी कमेंट तुम्ही मंजूर केलीय त्याचीच थेट छापून येईल, बाकीच्यांची तुमच्यासाठी थांबेल. प्रत्येकच कमेंट थांबवायची सोयही आहे पण ती नका वापरू, नेहमीच्या माणसांना दारात ताटकळत ठेवलं की ते यायचे बंद होतात.

राहिल्या आया-बहिणी काढलेल्या कमेंट्स, त्या विचार न करता काढा. पण जागा मोकळी नका सोडू. मजकूर पुसून तिथे "इथली कमेंट काढली आहे, कारण शिवीगाळ" असं लिहा आणि खाली तुमचं नाव. नाहीतर काय होतं, शिवी जाते आणि तिला दिलेलं उत्तर लोंबकळत राहतं. माझ्याकडे एकदा भरल्या वांग्याच्या फोटोखाली पहिलीच कमेंट होती, "लाज नाही वाटत का तुम्हाला?" आणि एक बिचारी नवीन वाचक मला मेल करून विचारत होती की ताई वांग्यात नेमकं काय चुकलं. अजून एक, कोणाच्याही वाक्यात गुपचूप फेरफार करायचा नाही. पूर्ण ठेवा किंवा सांगून पूर्ण काढा. शुद्धलेखन सुधारायला हात शिवशिवतात माहितीये, तेसुद्धा नाही.

प्रश्न : मी निवृत्त माणूस, गच्चीवरच्या बागेबद्दल लिहितो. मधे कोणीतरी घाणेरड्या कमेंट्स टाकायला लागला म्हणून भाच्याने शिव्यांची यादी करून ब्लॉगमध्ये बसवून दिली. शिव्या थांबल्या खऱ्या पण खतावरच्या लेखाखाली महिनाभर एकही कमेंट नाही, फोनवर लोक म्हणतात की आम्ही लिहिलं होतं, दिसत नाही. (नाशिक)

काका, भाचा हुशार आहे पण त्याने कुंडीत कधी हात घातलेला दिसत नाही. त्याच्या यादीतली सगळ्यात लोकप्रिय शिवी बघा आणि मग गांडूळ हा शब्द कागदावर लिहून बघा. सापडली? वर्डप्रेस शब्द वाचत नाही, अक्षरं जुळली की झालं, मग ती शब्दाच्या पोटात असली तरी चालतात. त्यामुळे तुमच्या गांडूळखतावर ज्याने ज्याने प्रेमाने लिहिलं ते सगळे शिवराळ ठरले. तुम्ही महाभारतावर लिहीत असतात तर अर्जुनाचं गांडीव पण कचरापेटीत गेलं असतं.

ह्यात नवीन काही नाही. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना एओएल ह्या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, का, तर गावाच्या नावात मधोमध एक इंग्रजी शिवी बसलीय. तेव्हापासून ह्या घोळाला त्या गावाचंच नाव पडलं. गावकऱ्यांचा काय दोष.

इलाज सोपा आहे. सेटिंगमध्ये शब्द टाकायच्या दोन चौकटी असतात, एकीतले शब्द आले तर कमेंट तुमच्यासाठी थांबते, दुसरीतले आले तर ती सरळ कचऱ्यात जाते. भाच्याने दुसरी वापरलीय. यादी पहिलीत हलवा, आणि आजच कचरापेटी उघडा, कारण कमेंट्सही तिथे तीसच दिवस राहतात. परत आणल्यावर त्या लोकांना एक ओळ लिहा की माझ्या ब्लॉगला गांडुळं चालत नव्हती, माफ करा, लोक हसतील आणि विसरतील.

आणि यादीने शिवी थांबते हा गैरसमज आहे बरं का. ज्याला द्यायचीय तो मधे टिंब देतो, स्पेस देतो, रोमनमध्ये लिहितो, रोमनमध्ये तर एकेका मराठी शिवीची सात-आठ स्पेलिंगं होतात, किती टाकणार यादीत. यादीचा उपयोग स्पॅमला. कर्ज, कॅसिनो, वजन कमी करायची पावडर वगैरे. मराठी स्पॅम हल्ली फार गोड झालंय, "खूप सुंदर माहिती दिलीत सर, असेच लिहीत राहा" आणि नावावर क्लिक केलं की कर्जवाली साईट. आपण पण काय, कौतुक आलं म्हणून लगेच मंजूर करतो. माझी कसोटी एकच, कमेंटमध्ये लेखातली एकतरी वस्तू आहे का? मावा, शेणखत, टोमॅटोची पिवळी पानं, काहीही. नसेल तर ती कमेंट कुठल्याही ब्लॉगवर चालेल, म्हणजे मग ती तुमची नाहीच. गूगलने जानेवारी २००५ मध्येच अशी सोय काढली की शोधाच्या क्रमवारीत कमेंटमधल्या लिंकला वजन द्यायचं नाही, ब्लॉगवाल्यांनी लगेच ती घेतली, त्याच वर्षी अकिस्मेट नावाचा स्पॅम गाळणारा पण आला, तरी हे लोक येतातच. मारुतीच्या देवळाबाहेर प्रसाद संपला तरी रांग असते तसं.

प्रश्न : ब्लॉग नाही पण चालेल का? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. पार्किंगवरून एका मेंबरने दुसऱ्याबद्दल वाट्टेल ते लिहिलं. तो दुसरा आता म्हणतो पोलिसात जातो आणि अ‍ॅडमिनचं पण नाव घालतो. बायको म्हणते आधी ग्रुप सोडा. (ठाणे)

चालेल की, ओटा तोच, फक्त फोनमध्ये. घाबरू नका, पण निर्धास्त पण राहू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला नेमका ह्यावरच निकाल दिलाय, गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं. मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून नुसता अ‍ॅडमिन आहे एवढ्यावरून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यात एक कारण असं होतं की अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय लिहील ते आधी अडवता येत नाही. आता गंमत बघा, पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनवरून उडवायची सोय दिली. आधी अडवता आजही येत नाही, पण दिसल्यावर काढता येतं, मग माझ्या हातात काहीच नव्हतं हे म्हणणं थोडं पांगळं पडतं.

म्हणून आज रात्री हे करा. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग मेसेज उडवा, ह्याच क्रमाने, नंतर कोणी विचारलं तर तुमच्याकडे काहीतरी हवं. फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील अशी सेटिंग २०१८ पासून आहे, ती सकाळपर्यंत लावून ठेवा. दोघांना वेगवेगळा फोन करा, ग्रुपवर काही बोलू नका. ग्रुप सोडून काय होणार, उलट रागाच्या भरात भलताच कोणीतरी अ‍ॅडमिन होईल.

ब्लॉगवाल्यांना मात्र एक सांगते, तुमच्या हातात पहिल्या दिवसापासून सगळंच असतं, त्यामुळे तुम्ही अ‍ॅडमिनपेक्षा जास्त अडकता. एस्टोनियातल्या डेल्फी नावाच्या बातम्यांच्या पोर्टलवर एका फेरीबोट कंपनीबद्दल लेख आला होता, खाली वाचकांनी धमक्या आणि शिव्या लिहिल्या. पोर्टलकडे शब्द गाळायची यादी होती, तक्रारीचं बटण होतं, वकिलाचं पत्र आलं त्याच दिवशी कमेंट्स काढल्या पण, फक्त तोवर सहा आठवडे होऊन गेले होते. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१५ मध्ये पोर्टललाच जबाबदार धरणं योग्य ठरवलं. भरपाई जेमतेम ३२० युरोची, पण जगभरच्या संपादकांची झोप उडाली. आपल्याकडे दुसऱ्याने लिहिलेल्यासाठी मधल्या साईटला धरू नये असं आयटी कायद्याच्या कलम ७९ चं थोडं छत्र आहे, ते तुमच्या डोक्यावर कितपत येतं ते नोटीस आली तर वकिलालाच विचारा, माझ्यासारखीला नको.

प्रश्न : किल्ल्यांवर लिहितो. लोक लेख वाचत नाहीत, शीर्षक वाचून भांडतात. कमेंट्स बंदच करून टाकू का? मोठमोठ्यांनी केल्यात म्हणे. (पुणे)

केल्यात ना. अमेरिकेत पॉप्युलर सायन्स मासिकाने २०१३ मध्ये, एनपीआर रेडिओने २०१६ मध्ये. एनपीआरने तर हिशोबच मांडला, एका महिन्यात साईटवर जवळजवळ ३ कोटी ३० लाख लोक, कमेंट्स ४ लाख ९१ हजार, आणि त्या लिहिणारे किती, तर १९,४००. म्हणजे सगळा गोंगाट मूठभरांचा. तुमच्याकडेही तेच असणार, नावं मोजून बघा, सहाच्या पुढे जाणार नाहीत.

पण बंद नका करू. तुमच्या हरिश्चंद्रगडाच्या लेखाखाली मी स्वतः वाचलंय, कोणीतरी लिहिलं होतं की खिरेश्वरकडून तोलार खिंडीपर्यंत वाट अशी अशी आहे, पावसात पाचनईकडून जा, आणि खाली दुसऱ्याने पाण्याचं टाकं कुठलं आटलंय ते. हे तुमच्या लेखात नव्हतं आणि असूही शकत नाही, कारण तुम्ही एकदा गेलात आणि ते दर महिन्याला जातात. त्या सहा जणांसाठी हे घालवणार? नॉर्वेच्या सरकारी प्रसारण कंपनीच्या एका विभागाने २०१७ मध्ये मजेशीर प्रयोग केला, कमेंट करायच्या आधी लेखावरचे तीन सोपे प्रश्न, उत्तरं बरोबर आली तरच चौकट उघडणार. तुम्ही तेवढं नका करू, लेखाच्या शेवटी एक प्रश्न टाका, तुम्ही कुठल्या वाटेने गेलात आणि पाणी कुठे मिळालं. ज्याने वाचलंय तो त्याचंच उत्तर देतो, भांडखोर लगेच उघडा पडतो.

प्रश्न : आम्ही पाच जण मिळून एक साहित्याचा ब्लॉग चालवतो. त्यातलाच एक जुना मित्र नवीन लिहिणाऱ्यांना कमेंटमध्ये फार टोचतो. विनोदी आहे, लोक त्याच्यासाठीच येतात. पण दोन मुली छान लिहायच्या त्या यायच्या बंद झाल्या. त्याला कसं सांगू? (कोल्हापूर)

हे पत्र वाचून मला घाम फुटला, कारण ह्या गोष्टीतली दोषी मी आहे.

आमच्या त्या संकेतस्थळावर एक कवी होते, आमच्याच कंपूतले, दर आठवड्याला भेटायचो, मिसळ खायचो. एका नवीन बाईने त्यांच्या कवितेखाली लिहिलं की ही कविता नाही, जिलबी पाडलीय. मी दहा मिनिटांत प्रतिसाद उडवला, कारण दिलं "वैयक्तिक टीका". आता तुम्हीच सांगा ह्यात वैयक्तिक काय होतं, जिलबी म्हणजे उगीच पाडलेलं लिखाण, ते कवितेला म्हटलं होतं. दोन दिवसांनी त्याच कवीने एका नवीन मुलाच्या पहिल्यावहिल्या लेखाखाली लिहिलं, "आधी मराठी शिकून या, मग आम्हाला शिकवा." खाली आमच्या लोकांचे बारा-तेरा "+१". मी पण हसले होते हो, नुसती हसले नाही, स्मायली टाकली होती.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी दोन्हीचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून नवीन धागाच, म्हणजे वेगळी चर्चाच काढली. रात्रीपर्यंत दोनशे प्रतिसाद, लोक पॉपकॉर्न घेऊन बसलेले, ड्यूआयडी, म्हणजे खोट्या नावाचं दुसरं खातं, काढून काड्या टाकणारे वेगळेच. आणि माझ्याकडे बचावाला एक वाक्य नव्हतं. धागा वाचनमात्र केला, म्हणजे नवीन प्रतिसाद बंद, तर "आता तोंड दाबताय" म्हणून दुसरा निघाला. तो मुलगा परत कधी आला नाही. मला अजून त्याच्या लेखाचा विषय आठवतो, त्याच्या गावच्या एसटी स्टँडवर होता आणि खरंच बरा होता.

लोक म्हणतात ट्रोल लोकांनी मराठी साईट बुडवल्या. मला नाही पटत, ट्रोल तर दोन दिवसांत ओळखू येतो, उडवला की जातो. बुडवतो तो आपला माणूस, ज्याला आपण सोडून देतो.

त्यानंतर मंडळात आम्ही एक केलं, तक्रार आलेला प्रतिसाद बाकीच्यांना दाखवताना लिहिणाऱ्याचं नावच काढून टाकायचं. नुसतं वाक्य. मग ठरवा ठेवायचं की उडवायचं. पहिल्याच महिन्यात आमच्या लाडक्या लोकांचे किती प्रतिसाद उडाले ते सांगायची सोय नाही. काही ठिकाणी हे काम वाचकांवरच सोपवतात, ऐसी अक्षरे ह्या मराठी संकेतस्थळावर प्रतिसादाला मार्मिक, रोचक, खोडसाळ, भडकाऊ अशा श्रेणी देतात, कल्पना मला फार आवडते, पण कंपू मिळून श्रेणी पण देऊ शकतो ना.

तर मित्राला फोन करा, कमेंटमध्ये नको आणि पाच जणांच्या ग्रुपवर तर अजिबात नको. त्याची तीन वाक्यं नाव न सांगता वाचून दाखवा आणि विचारा, आपल्या ब्लॉगवर हे ठेवायचं का? बहुतेक तो स्वतःच म्हणेल की कोण आहे हा गाढव. तसं म्हणालाच नाही तर त्याच्या कमेंट्स महिनाभर मंजुरीला लावा, आणि तसं त्याला तोंडावर सांगा, मागून नको. रुसेल. रुसू दे.

आणि त्या दोघींना आजच मेल करा, वेगवेगळी. बायकांना हे जास्त लागतं असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका, त्यांच्या वाट्याला ते येतंच जास्त. इंग्लंडच्या गार्डियन वृत्तपत्राने २०१६ मध्ये स्वतःच्या साईटवरच्या ७ कोटी कमेंट्स तपासल्या होत्या, ज्यांच्या लेखांखाली सगळ्यात जास्त घाण साचली त्या दहा लेखकांत आठ बायका निघाल्या आणि उरलेले दोन कृष्णवर्णीय पुरुष. मेलमध्ये "आम्ही दिलगीर आहोत" छापाचं काही नको. काय लिहिलं गेलं, कोणी लिहिलं, आणि आपण तेव्हा गप्प का बसलो ते लिहा. त्या येतील की नाही मला सांगता येणार नाही.

प्रश्न : माझ्या ब्लॉगवर दहा वर्षं नियमाने येणारे एक आजोबा गेल्या महिन्यात गेले. प्रत्येक लेखाखाली शुद्धलेखनाच्या चुका काढायचे, क्रमांक घालून. आता ब्लॉग नवीन ठिकाणी हलवतेय, जुने कच्चे लेख सुधारून घ्यायचा विचार होता. त्यांच्या कमेंट्सचं काय करू? (न्यू जर्सी)

त्या सगळ्या घेऊन जा. गूगलच्या ब्लॉगरवरून बॅकअप घेतलास तर फाईलमध्ये लेखांबरोबर कमेंट्स पण येतात, वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमध्ये पण येतात, पण नवीन जागी गेल्यावर दोन-चार लेख उघडून खात्री कर आणि तोवर जुना ब्लॉग पुसू नकोस. काही दिवसांनी आपोआप कमेंट्स बंद होतात ती सेटिंग ह्या लेखांना लावू नकोस, त्यांच्या घरचं कोणी शोधत आलं तर लिहू दे.

आणि ते लेख सुधारू नकोस गं. आजोबांनी तिसऱ्या ओळीत "आशिर्वाद" चुकलंय, शि दीर्घ हवा असं लिहिलं असेल, तर तो तिसऱ्या ओळीत चुकलेलाच राहू दे. तू दुरुस्त केलास तर खालची कमेंट कशाबद्दल आहे ते कोणाला कळायचंच नाही.